डाउनलोड झालं म्हणजे फाईल आपली झाली का?

मुंबईहून संध्याकाळी सुटलेली विदर्भ एक्स्प्रेस कसारा घाटात शिरते तेव्हा डब्यात जेवणं चाललेली असतात. बोगदे सुरू होतात, नेटवर्क जातं. कोणीतरी दोन महिन्यांपूर्वी उतरवून ठेवलेला व्हिडिओ लावायला जातं आणि ॲप सांगतं, आधी इंटरनेटला जोडा. मग समोरच्या बर्थवरून ऐकू येतं, "डाउनलोड तर केलं होतं ना बे, मंग काऊन नाही चालून राहिलं?"

प्रश्न रास्त आहे. ॲप ज्याला डाउनलोड म्हणतं आणि आपण ज्याला डाउनलोड समजतो, त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा फरक कळला की व्हिडिओ कुठून घ्यायचा, केवढा घ्यायचा, कुठे ठेवायचा हे बहुतेक प्रश्न सुटत जातात.

## नुसता पाहिला तरी व्हिडिओ उतरतोच

ऑनलाइन व्हिडिओ पाहताना तो तुकड्यातुकड्यांनी आपल्या फोनवर येत असतो. पलीकडच्या सर्व्हरवर एकच व्हिडिओ कमी-जास्त दर्जाच्या अनेक आवृत्त्यांमध्ये ठेवलेला असतो आणि प्रत्येक आवृत्ती काही सेकंदांच्या तुकड्यांत कापलेली असते. आपला फोन दर थोड्या वेळाने नेटचा वेग बघतो आणि पुढचा तुकडा कोणत्या आवृत्तीतला मागवायचा ते ठरवतो. चालू व्हिडिओ मध्येच धूसर होऊन पुन्हा स्वच्छ होतो, तो यामुळेच. याला स्ट्रीमिंग म्हणतात. पाहून झालेले तुकडे फोन टाकून देतो.

म्हणजे तोच व्हिडिओ उद्या पुन्हा पाहिला तर तुकडे पुन्हा उतरणार. घरात लहान मूल असेल तर हिशेब करून बघा. तीन मिनिटांचं बडबडगीत साध्या दर्जात सुमारे २२ एमबी खातं. ते दिवसभरात वीस वेळा लागलं आणि दर वेळी नव्याने उतरलं, तर साडेचारशे एमबी एकट्या त्या गाण्यात गेले.

ॲपमधलं डाउनलोडचं बटण दाबलं की हे तुकडे टाकले जात नाहीत, फोनमध्येच राहतात. पण ते कुलूपबंद असतात आणि किल्ली ॲपकडे असते. या बंदोबस्ताला डीआरएम म्हणतात. ॲप ठरावीक काळाने कंपनीकडे विचारणा करतं, की यांचं वर्गणीचं काय, व्हिडिओ अजून उपलब्ध आहे का, आणि होकार आला तरच किल्ली फिरते. यूट्यूब प्रीमियममध्ये उतरवलेले व्हिडिओ चालू ठेवायला साधारण महिन्यातून एकदा तरी ऑनलाइन यावं लागतं. ओटीटी ॲपवर प्रत्येक चित्रपटाची मुदत निराळी असते. वर्गणी संपली, किंवा टाकणाऱ्याने व्हिडिओ काढून घेतला, की आपल्या फोनमधलाही गेला.

यात फसवणूक काही नाही. प्रवासापुरता चित्रपट हवा असेल तर हीच सोय उत्तम, फक्त गाडीत बसायच्या आदल्या दिवशी घरच्या वायफायवर ॲप एकदा उघडून घ्या. पण याला संग्रह म्हणता येणार नाही. संग्रहातली फाईल ओळखायची साधी परीक्षा आहे: ती पेनड्राइव्हवर घ्या, नेट बंद असलेल्या दुसऱ्या संगणकावर लावा. चालली, तर ती तुमच्या हातात आहे.

## पण हे बेकायदेशीर नाही का?

काय उतरवताय आणि कुठून, त्यावर ते ठरतं. यूट्यूबच्या अटींनुसार, त्यांनी स्वतः बटण दिलेलं नसेल किंवा परवानगी नसेल तर व्हिडिओ उतरवता येत नाही. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ खासगी वापर आणि अभ्यासासाठी काही मोकळीक देतं, पण ती ‘रास्त वापरा’पुरती, अख्खा चित्रपट उतरवून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकणं त्यात बसत नाही. आणि डीआरएमचं कुलूप फोडणं हा २०१२ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ६५अ नुसार वेगळा गुन्हा असू शकतो, शिक्षा दोन वर्षांपर्यंत. टेलिग्रामवर नवे चित्रपट वाटणाऱ्या चॅनेलांबद्दल तर बोलायलाच नको.

उजळ माथ्याने उतरवता येईल असं मात्र भरपूर आहे, आणि लोकांना त्याची कल्पना नसते. आयआयटी आणि बंगळुरूच्या आयआयएससीचा एनपीटीईएल हा उपक्रम अभियांत्रिकी-विज्ञानाची हजारो व्याख्यानं देतो आणि ती उतरवायची सोयही देतो. इंटरनेट अर्काइव्ह या मोफत डिजिटल संग्रहात बहुतेक नोंदींच्या बाजूला डाउनलोडचे पर्याय असतात. विकिपीडियाला चित्रं-व्हिडिओ पुरवणाऱ्या विकिमीडिया कॉमन्सवर सगळंच मुक्त परवान्याचं आहे. भारतात चित्रपटावरचा हक्क प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो, त्यामुळे दादासाहेब फाळक्यांचे मूकपट केव्हाच सर्वांचे झालेत. जुन्या बोलपटांच्या बाबतीत थोडं जपून. त्यातल्या गाण्यांचे शब्द आणि संगीत यांचे हक्क गीतकार-संगीतकारांच्या निधनानंतर ६० वर्षं चालतात.

यूट्यूबवरही काही निर्माते ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ परवाना, म्हणजे ठरावीक अटींवर इतरांना वापराची मोकळीक देतात. शोधाच्या फिल्टरमध्ये तो निवडता येतो. इथे एक गुंता आहे. परवाना निर्मात्याने दिलेला असतो, संकेतस्थळाच्या अटी तरीही लागू राहतात. म्हणून तोच व्हिडिओ निर्मात्याच्या स्वतःच्या साइटवर किंवा अर्काइव्हवर आहे का, हे आधी बघावं. बहुतेक वेळा असतो.

आणि तुमचे स्वतःचे व्हिडिओ? चॅनेलवर टाकून फोनमधून मूळ फाईल उडवणारे कमी नाहीत. यूट्यूब स्टुडिओतून आपला व्हिडिओ परत मिळतो, पण कमी दर्जाचा. चढवलेल्या मूळ फाईली हव्या असतील तर ‘गूगल टेकआउट’ या, आपला डेटा गूगलकडून परत घ्यायच्या सोयीने मागवाव्यात.

## फाईल केवढी होणार, हे आधीच कळतं

लोक व्हिडिओचा आकार ४८० पी, १०८० पी या आकड्यांवरून ठरवतात. हे आकडे चित्रात आडव्या ओळी किती ते सांगतात. फाईलचं वजन ठरतं बिटरेटवरून, म्हणजे दर सेकंदाच्या चित्राला किती डेटा दिलाय त्यावरून. बिटरेट मेगाबिटमध्ये मोजतात आणि आठ मेगाबिट म्हणजे एक मेगाबाइट, अर्थात एमबी. तुमचं ४० मेगाबिटचं कनेक्शन सेकंदाला ४० नाही तर ५ एमबी उतरवतं. कंपनीने फसवलं म्हणून भांडायला जाणाऱ्या निम्म्या लोकांचा घोळ इथेच असतो.

एक मेगाबिटचा साधा ४८० पी व्हिडिओ तासाला सुमारे ४५० एमबी होतो. पाच मेगाबिटचा १०८० पी तासाला सव्वादोन जीबी. म्हणजे रोजच्या दोन जीबीच्या पॅकमध्ये पहिला साडेचार तास चालेल, दुसरा तासभरही नाही.

आता हे पाहायचं कशावर? एमपीएससीची तयारी करणारा पोरगा फळ्यासमोरचं व्याख्यान सहा इंची फोनवर बघणार असेल तर ४८० पी पुरे. फळ्यावरची अक्षरं बारीक असतील तर ७२० पी. सावजी रस्स्याची कृती ७२० पीमध्ये पुरेशी लालभडक दिसते. भाषण, मुलाखत, कीर्तन यांचा तर बरेचदा नुसता आवाज घेतला तरी चालतो. तासाला साठेक एमबीत काम होतं. १०८० पी घ्यावा तो मोठ्या टीव्हीसाठी. सगळं ‘बेस्ट क्वालिटी’त उतरवायची सवय डिस्क भरते, बाकी काही करत नाही.

## एमपी४ आहे, तरी टीव्हीवर चालत नाही

हा प्रश्न नागपुरात बर्डीतल्या कुठल्याही मोबाइल-दुरुस्तीवाल्याला रोज पडतो. एमपी४, एमकेव्ही, वेबएम ही डब्यांची नावं आहेत. कप्प्यांचा जेवणाचा डबा असतो तसा: एका कप्प्यात चित्र, दुसऱ्यात आवाज, असलीच तर तिसऱ्यात उपशीर्षकं. डबा कोणता हे बाहेरून दिसतं, कप्प्यात काय भरलंय ते उघडल्याशिवाय कळत नाही, आणि टीव्हीची तक्रार असते ती आतल्या जिन्नसाबद्दल.

कप्प्यातलं चित्र ज्या पद्धतीने दाबून बसवलेलं असतं तिला कोडेक म्हणतात. २००३ पासूनचा एच.२६४ जवळजवळ प्रत्येक यंत्राला येतो. २०१३ चा एच.२६५ तोच दर्जा साधारण निम्म्या जागेत देतो, पण जुन्या टीव्हीला तो झेपत नाही. गूगलचा व्हीपी९ आणि २०१८ चा एव्ही१ यूट्यूबवर सर्रास असतात. एव्ही१ वाचणारं यंत्र त्यातल्या त्यात नवं लागतं. चित्र दिसतं पण आवाज नाही, असं झालं तर बरेचदा आवाजाच्या कप्प्यात डीटीएससारखा प्रकार असतो आणि टीव्ही बनवणाऱ्याने त्याचा परवाना घेतलेला नसतो.

संगणकावर व्हीएलसी या प्लेअरमध्ये फाईल लावून ‘टूल्स’मधलं ‘कोडेक इन्फॉर्मेशन’ उघडा, आत काय आहे ते दिसेल. नुसता डबा बदलायचा असेल तर एफएफएमपेग हे मोफत साधन ते मिनिटाभरात करतं आणि दर्जा तसूभरही घटत नाही. कोडेकच बदलायचा असेल तर हँडब्रेक हा प्रोग्राम वापरा. त्याला मात्र वेळ लागतो, लॅपटॉप तापतो, आणि प्रत्येक रूपांतरात थोडा दर्जा जातो. म्हणून टीव्हीसाठी घेताना सुरुवातीलाच एच.२६४ मागावा, मग नंतरची खटपट उरत नाही.

मोठ्या दर्जाच्या स्ट्रीमिंगमध्ये चित्र आणि आवाज वेगवेगळ्या तुकड्यांतून येतात. काही साधनं फक्त चित्र उतरवतात आणि आवाज मागेच राहतो. ‘मुकी’ फाईल हाती आली तर बहुतेक हेच झालेलं असतं.

## उतरवताना

लाईट जाणं, राउटर बंद पडणं हे गृहीतच धरा. ब्राउझरमध्ये ९० टक्क्यांवर अडकलेली फाईल पुष्कळदा पहिल्यापासून घ्यावी लागते. डाउनलोड मॅनेजर अर्धवट राहिलेली तिथूनच पुढे सुरू करतो, जर पलीकडच्या सर्व्हरची तशी सोय असेल तर. रोजच्या कोट्याचा पॅक रात्री बाराला नवा होतो, तेव्हा उरलेला डेटा अकरा वाजता उतरवण्यात घालवला तर फुकट जात नाही.

तांत्रिक हौस असणाऱ्यांमध्ये वायटी-डीएलपी हे व्हिडिओ उतरवायचं मुक्त साधन चालतं. यूट्यूब-डीएल या ज्या जुन्या साधनापासून ते निघालं, ते २०२० मध्ये अमेरिकन संगीत उद्योगाच्या तक्रारीवरून गिटहब या, प्रोग्रामांचा कोड ठेवायच्या साइटवरून काही आठवडे काढलं गेलं होतं आणि नंतर परत आलं. साधन वापरणं वेगळं, त्याने काय उतरवलं हे वेगळं, जबाबदारी वापरणाऱ्याची.

खरा धोका आहे तो ‘फ्री व्हिडिओ डाउनलोडर’ म्हणवणाऱ्या साइटचा. एका पानावर चार हिरवी बटणं, त्यातली तीन जाहिराती. उतरलेल्या फाईलचं नाव चित्रपटाचं आणि शेवट ईएक्सई किंवा एपीके असेल, तर तो व्हिडिओ नाही, प्रोग्राम आहे. लग्नपत्रिकेच्या नावाने व्हॉट्सॲपवर आलेल्या एपीके फाईलींनी लोकांची बँक खाती साफ केल्याच्या बातम्या आल्याच आहेत. विंडोजमध्ये नावाचा हा शेवटचा भाग मुळात लपवलेला असतो. ‘व्ह्यू’मध्ये जाऊन तो दिसेल असं करून घ्या. आणि पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

## नावं द्यायला वेळ कोणाकडे आहे?

कोणाकडेच नाही, आणि म्हणूनच नाव उतरवतानाच द्यायचं. ‘सेव्ह ॲज’ची चौकट समोर असते तेव्हा दहा सेकंद लागतात. दोन वर्षांनी ‘व्हिडिओप्लेबॅक (७)’ नावाची फाईल उघडून बघण्यात अर्धा तास जातो, आणि शेवटी ती तशीच सोडून दिली जाते.

नावात तीन गोष्टी पुरतात: तारीख, काय आहे, कुठलं. ‘2025-08-23 मारबत मिरवणूक महाल’. तारखेत वर्ष आधी, मग महिना, मग दिवस. अशाने फाईली आपोआप काळाप्रमाणे लागतात. वर्ष शेवटी लिहिलं तर सगळ्या वर्षांच्या एक तारखा एकत्र येतात. नाव देवनागरीत चालतं, फक्त जुन्या टीव्हीवर आणि गाडीतल्या स्टिरिओवर चौकोन दिसू शकतात. अंक मात्र इंग्रजी वापरा. देवनागरी २५ आणि इंग्रजी 25 संगणकाच्या लेखी वेगळी अक्षरं आहेत, एक शोधलं तर दुसरं सापडेल याचा भरवसा नाही.

फोल्डरांचा पसारा नको. घरचे, अभ्यास, गाणी-भजनं, चित्रपट. आणि एक ‘आवक’, सरकारी कचेरीत असतं तसं. जे येईल ते आवकमध्ये, आणि रविवारी चहा घेता घेता ते जागच्या जागी लावायचं, नको ते उडवायचं. आवक फोल्डर दोन महिने साचलं तर समजा, तुम्ही पाहण्यापेक्षा जास्त उतरवताय.

## घरच्या व्हिडिओंचं काय

माझ्या मते संग्रहात सगळ्यात मोलाचं हेच, आणि सगळ्यात जास्त हेळसांड याचीच होते. चित्रपट पुन्हा मिळेल, व्याख्यान पुन्हा मिळेल. तान्ह्या पोळ्याला नातवाने लाकडी बैल ओढलेला व्हिडिओ एकाच फोनमध्ये असतो.

बहुतेक घरांत हे व्हिडिओ व्हॉट्सॲपच्या ग्रुपवरून साठवले जातात. व्हॉट्सॲप पाठवताना व्हिडिओ दाबून लहान करतं, आणि मूळ फाईलमधली चित्रीकरणाची तारीख बरेचदा पलीकडे पोहोचतच नाही. फोनच्या पडद्यावर हा फरक जाणवत नाही. टीव्हीवर लावला की आजीचा चेहरा चौकोनी ठिपक्यांचा दिसतो. ज्याने चित्रीकरण केलं त्याच्या फोनमधून मूळ फाईल घ्यावी. व्हॉट्सॲपवरूनच मागवायची असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. तशी दोन जीबीपर्यंतची फाईल न दाबता जाते. "काका, व्हिडिओ म्हणून नका पाठवू जी, डॉक्युमेंट म्हणून पाठवा," हे वाक्य लग्नाच्या दुसऱ्या दिवशी पाच-सहा वेळा तरी म्हणावं लागतं.

चित्रीकरणाआधी फोनची सेटिंगही बघा. फोर-केमध्ये एका मिनिटाला पावणेदोनशे ते साडेतीनशे एमबी जातात. वरातीचा तासभर तसा घेतला तर फोन अर्ध्यातच भरू शकतो आणि मे महिन्यात तापून बंदही पडू शकतो. १०८० पी बहुतेक घरांना पुरतो.

## ठेवायचं कुठे?

मोठ्या संग्रहासाठी बाहेरून जोडायची हार्ड डिस्क अजूनही स्वस्त आणि बरी. एक टीबीच्या डिस्कवर विंडोज ९३१ जीबी दाखवतं, तो मोजण्याच्या पद्धतीतला फरक आहे, चोरी नाही. चोरी असते ती काहीशे रुपयांच्या ‘दोन टीबी’ पेनड्राइव्हमध्ये. आत चिप लहान असते आणि खोटा आकडा सांगायला लावलेली असते. खरी जागा भरली की पुढच्या फाईली कॉपी झाल्यासारख्या दिसतात, उघडत नाहीत. एच२टेस्टडब्ल्यू हा मोफत प्रोग्राम पूर्ण ड्राइव्ह भरून वाचून बघतो आणि खोटेपणा उघड करतो. नवा ड्राइव्ह घेतला की आधी ही चाचणी, मग फाईली.

‘जागा आहे, तरी मोठी फाईल जात नाही’ या तक्रारीचं कारण बहुधा एफएटी३२ ही जुनी मांडणी असतं. तिच्यात चार जीबीपेक्षा मोठी फाईल मावत नाही. ड्राइव्ह रिकामा करून एक्सफॅट या नव्या मांडणीत फॉरमॅट केला की प्रश्न मिटतो, फक्त तुमचा टीव्ही एक्सफॅट वाचतो ना ते बघून घ्या.

आता नागपूरचं खास. अनेक बाह्य हार्ड डिस्कच्या माहितीपत्रकात चालू असतानाचं तापमान ५ ते ३५ अंश लिहिलेलं असतं. आपल्याकडे मे महिन्यात घरातली सावलीही त्याच्या वर जाते. दुपारी दोन वाजता तीनशे जीबीची कॉपी लावू नका, पहाटे लावा. गाडीच्या डॅशबोर्डवर डिस्क ठेवून बाजारात जाऊ नका. आणि थंड राहील म्हणून कूलरच्या झोतात तर मुळीच ठेवू नका, ती हवा दमट असते आणि कधी कधी थेंबही उडतात.

## क्लाऊडवर आहे की सगळं!

असेल, पण किती? गूगलचे फुकट १५ जीबी मेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत मिळून आहेत. फोटोंची अमर्याद साठवण १ जून २०२१ पासून बंद झाली. तिथे जागा वाचवणारा ‘स्टोरेज सेव्हर’ पर्याय निवडलेला असेल तर फोर-के व्हिडिओ १०८० पीवर आणून ठेवला जातो. शिवाय दोन वर्षं न वापरलेलं खातं गूगल पुसू शकतं.

उलट, फक्त घरात ठेवूनही भागत नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं आणि तळमजल्यावरची कपाटं बुडाली. त्या कपाटातली दुसरी प्रतही तिथेच बुडाली असती. म्हणून जाणकार सांगतात ते साधं आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक घराबाहेर. सगळ्या संग्रहाला हे करायची गरज नाही. अभ्यासाची व्याख्यानं, चित्रपट एका डिस्कवर राहू देत; गेले तर पुन्हा उतरतील. ‘घरचे’ या फोल्डरच्या मात्र दोन डिस्क करा, एक मनीषनगरात तुमच्याकडे, एक धरमपेठेत बहिणीकडे, आणि निवडक पंधरा-वीस व्हिडिओ क्लाऊडवर. दिवाळीला एकमेकांकडे जाणं होतंच, तेव्हा नव्या फाईली दुसऱ्या डिस्कवर चढवून घ्या आणि दोन-चार जुन्या लावून बघा. वर्षानुवर्षं न उघडलेली डिस्क अजून चालते की नाही, हे लावल्याशिवाय कळत नाही.

क्लाऊडचं खातं घरातल्या एकाच्याच नावावर असेल तर त्याच्या पश्चात ते उघडणार कोण, हेही ठरवून ठेवावं लागतं. गूगलच्या सेटिंगमध्ये ‘इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ आहे: इतके महिने खातं वापरलं गेलं नाही तर कोणाला कळवायचं आणि कोणता डेटा त्यांच्या हाती द्यायचा, हे तिथे लिहून ठेवता येतं. बाबांच्या फोनवर त्यांच्याच शेजारी बसून ते भरून घ्या. ओटीपी त्यांच्याच फोनवर येतो.